मलाक्क्याच्या तटातील दगड

मलेशियाच्या पश्चिम किनाऱ्यावरील मलाक्का हे शहर आम्हां कॅथॉलिकांना संत फ्रान्सिस झेवियर यांच्यामुळे ठाऊक असते. सांशियन बेटावर ३ डिसेंबर १५५२ रोजी निधन पावलेल्या या संताचा देह १५५३ मध्ये काही महिने तेथील टेकडीवरच्या मरियेच्या मंदिरात पुरलेला होता. तेथूनच तो गोव्यास आला. त्या मंदिरावर आज छप्पर नाही. रिकामी कबर मात्र आहे, आणि तिच्यापुढे आपले हात आपोआप जोडले जातात.

टेकडीच्या पायथ्याशी जुन्या किल्ल्याचा एकच दरवाजा उरला आहे. १५११ मध्ये अल्बुकर्कने शहर जिंकले आणि हा किल्ला बांधला. त्यासाठी मशिदींचे आणि जुन्या राजांच्या कबरींचे दगड वापरले, असे खुद्द पोर्तुगीज वृत्तान्तच सांगतो. एका कबरीला आपण वंदन करावे आणि तिच्याच पायथ्याशी दुसऱ्यांच्या कबरी मोडून तट उभा राहावा! ज्या गलबतांतून सुवार्ता आली, त्यांतूनच तलवारही आली. मग मिळालेल्या श्रद्धेबद्दल कृतज्ञता कोणत्या तोंडाने व्यक्त करावी? १५३४ ते १७३९ पोर्तुगीज अमल पाहिलेल्या वसईच्या माणसाला हा प्रश्न परका नाही.

‘काळच तसा होता’ हे उत्तर आम्हांला पटत नाही. झेवियर त्याच काळातले होते. १५५२ मध्ये मलाक्क्याचा कप्तान आल्वारो द अताईद याने चीनकडे निघालेला त्यांचा मार्ग अडवला. हा कप्तान वास्को द गामाचा पुत्र. तरीही त्याला धर्मबहिष्कृत करविण्यास संत कचरले नाहीत. सत्तेला जाब विचारणे त्या काळातही शक्य होते, फक्त महाग पडत असे.

‘ते पाप आमचे नव्हे’ हे दुसरे उत्तर. पाप वारशाने येत नाही, हे खरे. परंतु वडिलांची जमीन नावावर करून घेणाऱ्याला सातबाऱ्यावरचा बोजा नाकारता येत नाही. पूर्वजांच्या हौतात्म्याचा अभिमान मिरवायचा आणि त्यांच्या दांडगाईशी संबंध नाही म्हणायचे, हा व्यवहार सचोटीचा नव्हे. १२ मार्च २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी सत्याच्या नावाखाली झालेल्या बळजबरीबद्दल देवाकडे क्षमा मागितली, ती बहुधा याच जाणिवेने.

१६४१ मध्ये डचांनी मलाक्का घेतले. टेकडीवरचे मंदिर प्रॉटेस्टंट झाले. कॅथॉलिकांना संत पेत्राचे मंदिर मिळाले ते १७१० मध्ये. यात काहींना दैवी न्याय दिसेल. आम्हांला दिसत नाही. डच अमलाची झळ लागलेल्या कॅथॉलिकांनी १५११ च्या कबरी मोडल्या नव्हत्या.

आणि मलाक्का तरी कशाला? बोरिवलीच्या मंडपेश्वर लेण्यांत, शंकराच्या स्थानी, फ्रान्सिस्कन फादर अंतोनियो दो पोर्तो यांनी सोळाव्या शतकात चर्च केले. आज तेथे पुन्हा शिवलिंगाची पूजा होते, आणि लेण्यांच्या माथ्यावर आपल्या पूर्वसूरींच्या वास्तूच्या पडक्या भिंती उन्हापावसात उभ्या आहेत.