पक्षाच्या खुर्चीतून राज्याकडे

हैदराबाद संस्थानाच्या अखेरच्या वर्षात सगळ्यांत जास्त दरारा ज्या माणसाचा होता, त्याच्याकडे सरकारातले एकही पद नव्हते. कासिम रझवी लातूरला वकिली करायचा. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते. १९११ साली बार्शी लाइट रेल्वे तिथवर पोहोचली आणि गंजातला भुसार व्यापार भरभराटीला आला. अशा पेठेच्या गावातला, अलीगढला शिकून आलेला हा वकील डिसेंबर १९४६ मध्ये मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीन या पक्षाचा अध्यक्ष झाला. अकरा महिन्यांत त्याने संस्थानाच्या पंतप्रधानाला घरी बसवले.

मुक्तिसंग्रामाच्या भाषणांतून रझवी आपल्यापुढे राक्षस म्हणूनच येतो. मजलिसच्या दलातल्या रझाकारांनी केलेली जाळपोळ आणि खून ज्यांनी भोगले त्यांना दुसरे काही वाटणे शक्यच नव्हते. पण आज आपण त्याला राक्षस म्हणून मोकळे होतो तेव्हा खरा प्रश्न निसटतो. त्याला ती खुर्ची कोणी दिली, आणि ती एवढी मोठी कशी झाली?

मजलिसची स्थापना १९२७ची. १९३८ पासून तिचे अध्यक्ष होते बहादूर यार जंग, विलक्षण ताकदीचे वक्ते. संस्थानाचे सार्वभौमत्व एकट्या निजामाचे नाही, तर इथल्या प्रत्येक मुसलमानाचे आहे, असा सिद्धांत त्यांनी रुजवला. १९४१च्या शिरगणतीत संस्थानची लोकसंख्या १ कोटी ६३ लाख होती आणि त्यात मुसलमान सुमारे आठवा हिस्सा. या सिद्धांतात बाकीच्या सात हिश्श्यांना जागाच नव्हती. शिवाय मजलिसच्या अध्यक्षाचा शब्द म्हणजे साक्षात राज्यकर्त्यांचा शब्द, असा अर्थ त्यातून आपोआप निघत होता. रझाकारांचे दलही पक्षाचे, म्हणजे हुकूम अध्यक्षाचा. १९४४ मध्ये बहादूर यार जंग अचानक वारले. माणूस गेला, सिद्धांत, दल आणि खुर्ची मागे राहिली. ऑक्टोबर १९४६ मध्ये बिलोलीजवळ अर्जापूरला मुक्तिसंग्रामाचे कार्यकर्ते गोविंदराव पानसरे मारले गेले, तेव्हा रझवी अध्यक्षसुद्धा झालेला नव्हता. ते विष त्याने निर्माण केले नाही, ते त्याला तयार मिळाले.

त्याचे स्वतःचे कर्तृत्व दिसते ते २७ ऑक्टोबर १९४७च्या पहाटे. भारत सरकारबरोबरच्या जैसे थे कराराचा मसुदा निजामाच्या कार्यकारी मंडळाने बहुमताने मान्य केला होता. पंतप्रधान नवाब छत्तारी, सर वॉल्टर मॉन्क्टन आणि सर सुलतान अहमद यांचे शिष्टमंडळ सकाळी दिल्लीला निघणार होते. उजाडण्याआधीच रझवीच्या जमावाने त्यांच्या घरांना गराडा घातला. संस्थानचे पोलीस होते, फौज होती, पण जमाव पांगवायला कोणी पुढे आले नाही. शिष्टमंडळाला तेवढे लष्कराने सुरक्षित जागी हलवले. दिल्लीचा प्रवास रद्द झाला. आपण अधिक चांगल्या अटी मिळवून देऊ, असे रझवीने निजामाला पटवले. छत्तारींनी राजीनामा दिला, नवे शिष्टमंडळ गेले, आणि २९ नोव्हेंबरला जो करार झाला तो जवळपास जुन्याच मसुद्याचा होता. अटी बदलल्या नाहीत. बदलले ते राज्य कोणाच्या धाकाने चालणार, एवढेच. पुढे रझवीला चालतील असे मीर लायक अली पंतप्रधान झाले.

निजामाला हे थांबवता आले असते असे माझे ठाम मत आहे. पण भारताशी घासाघीस करताना त्याला रस्त्यावरचा दबाव हवा होता, आणि वकील कधीही बाजूला करता येईल असा त्याचा हिशेब होता. हा हिशेब इतरत्रही चुकलेला आहे. रशियात ३ एप्रिल १९२२ रोजी स्टालिन कम्युनिस्ट पक्षाचा सरचिटणीस झाला, तेव्हा त्याच्या सहकाऱ्यांना ते कागद सांभाळण्याचे, नेमणुका करण्याचे कंटाळवाणे काम वाटले. त्या पदावर बसून त्याने जिल्ह्याजिल्ह्यांत आपली माणसे बसवली. लेनिनने वर्षभराच्या आत सावध केले होते, उपयोग झाला नाही. सरकारचे प्रमुखपद स्टालिनने घेतले ते थेट १९४१ मध्ये. तोवर त्याला त्या पदाची गरजच पडली नव्हती.

गावपातळीवर याचा अर्थ काय होतो ते नांदेड-लातूरच्या जुन्या माणसांनी पाहिले. तालुक्याला तहसीलदार होता, ठाण्यात अमीन होता, पण रझाकारांच्या सालारापुढे दोघांचे चालत नसे. फिर्याद द्यायची कोणाकडे? अमिनाला वरून जाब विचारणारा कोणी तरी होता. सालाराला विचारणारा पक्षाबाहेर कोणीही नव्हता. म्हणून माणसे घरदार टाकून बार्शी, सोलापूर, उमरखेडच्या बाजूला सरहद्दीपार गेली. म्हणून ३० जानेवारी १९४८ रोजी स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांना उमरीची बँक लुटून लढ्यासाठी पैसा उभा करावासा वाटला. आणि ऑगस्ट १९४८ मध्ये विलीनीकरणाची बाजू मांडणारे 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान यांचा हैदराबादेत खून झाला. तेही मुसलमानच होते. अशी सत्ता स्वतःच्या समाजातला विरोधी आवाजही जिवंत ठेवत नाही.

१३ ते १७ सप्टेंबर १९४८, भारताच्या पोलीस कारवाईत पाच दिवसांत सारे संपले. रझवीला शिक्षा झाली, १९५७ मध्ये तो सुटला, पाकिस्तानात गेला आणि १९७० मध्ये कराचीत वारला. त्याच्या करणीची किंमत मोजली ती मागे राहिलेल्यांनी. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांच्या समितीने पोलीस कारवाईनंतर झालेल्या मुसलमानांच्या कत्तलींची पाहणी केली. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत तिने उस्मानाबाद आणि नांदेड ही नावे घेतली, आणि रझवीचे गाव म्हणून लातूरची स्वतंत्र नोंद केली. संस्थानभरातल्या बळींचा तिचा अंदाज किमान २७ हजारांचा होता. मजलिसच्या अध्यक्षाची निवड करताना या माणसांना कोणी विचारले नव्हते. तो अहवाल कित्येक दशके दडवून ठेवण्यात आला. १७ सप्टेंबरला झेंडावंदन करताना अर्जापूर आणि उमरीबरोबर हेही सांगितले गेले पाहिजे.

मजलिसच्या खुर्चीचा प्रश्न आजच्या पक्षांनाही विचारावा लागतो. आपल्याकडे १९८९ पासून पक्षांची नोंदणी कायद्याने होते. पण पक्षांतर्गत निवडणूक झाली नाही म्हणून नोंदणी रद्द करण्याचा अधिकार निवडणूक आयोगाला नाही. तेव्हा जाब विचारण्याचे काम तुमचे-माझे आहे. तुम्ही ज्या पक्षाला मत देता, त्याच्या तालुका कार्यालयात जा आणि विचारा: अध्यक्षाची निवडणूक, खरोखर मते मोजून, शेवटची कधी झाली? त्याला पदावरून काढायचे झाले तर कोण काढू शकतो?