आज बीट कुणाचं?

मावळातल्या एका गावाची शेती महामार्गाच्या एका अंगाला आणि शाळा दुसऱ्या अंगाला. मधून रात्रंदिवस कंटेनर धावायचे. दोन मुलं गाडीखाली येता येता वाचली, तेव्हा गावाने रास्ता रोको केला आणि महामार्गावर लोखंडी पादचारी पूल उभा राहिला. नारळ फुटला, पेढे वाटले, पायथ्याशी कोनशिला बसली. तिच्यावर उद्घाटकांपासून ठेकेदारापर्यंत सगळ्यांची नावं होती. पुढे पूल बघायचा कुणी, एवढंच लिहिलेलं नव्हतं.

मावळचा पाऊस लोखंडाला सोडत नाही. पाणी निघून जायची भोकं पाल्याने तुंबली, पायऱ्यांवर पाणी साचू लागलं, रंगाचे पोपडे सुटले, सांध्यात पिंपळाचं रोप आलं.

गावातले तात्या रेल्वेतून निवृत्त झालेले. सारी नोकरी बोरघाटात, कर्जत-लोणावळ्याच्या मधे, कीमॅन म्हणून. खांद्यावर हातोडा नि पाना, जवळ लाल-हिरवी झेंडी. रोज आपलं बीट, म्हणजे नेमून दिलेला रुळाचा तुकडा, पायी चालायचं आणि रुळाची सैल झालेली चावी दिसली की ठोकून बसवायची. नातवाला शाळेत सोडताना पुलाची एक पायरी त्यांच्या पायाखाली लवली. ते तसेच सरपंचबाईंकडे गेले.

"सूनबाई, पूल बोलायला लागलाय. आत्ताच ऐका."

सरपंचबाईंनी हेलपाटे सुरू केले. पहिल्या कार्यालयात ऐकलं, "रस्ता आमचा, पूल दुसऱ्या योजनेतला." दुसऱ्यात, "निधी आम्ही दिला, देखभाल आमच्याकडे नाही." तिसऱ्यात, "पायऱ्या गावठाणात उतरतात, ग्रामपंचायतीनेच बघायला हवं." ठेकेदार म्हणाला, "आमची दोषदायित्वाची मुदत कधीच संपली." खोटं कुणीच बोलत नव्हतं. जो तो आपल्या फाइलीपुरतं खरं सांगत होता, आणि गंज आपलं काम करत होता.

अशात १५ जून २०२५ चा रविवार उजाडला. तळेगाव दाभाड्याजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीसकट कोसळला. चार जीव गेले, कितीतरी जखमी झाले. सारं मावळ हादरलं. गावाने लगेच ग्रामसभा बोलावली. कुणी सुचवलं, "आपल्या पुलावर 'धोकादायक' असा फलक लावू."

तात्या उठले. "फलक कुंडमळ्यालाही होता, बाबांनो. नुसत्या फलकाने माणूस थांबत नाही. आमची घाटातली रेल्वे १८६३ ला सुरू झाली नि १८६७ ला तिथला एक मोठा दगडी पूल कोसळला. म्हणजे नवं आहे म्हणून निर्धास्त राहता येत नाही. उलट खंडाळ्याचा अमृतांजन पूल १८३० चा. खालून द्रुतगती मार्ग गेला तरी तो उभा होता. २०२० च्या एप्रिलमध्ये, लॉकडाऊनने रस्ता ओस पडला होता तेव्हा, वाहतूक अडवून तो सुरुंगाने पाडला. पूल जायचाच असेल तर असा जावा, माणसांनी दिवस ठरवून. आमच्या घाटात प्रत्येक तुकड्याला माणूस नेमलेला असायचा. काही बिघडलं की साहेब आधी विचारायचे, 'आज बीट कुणाचं?' आणि उत्तरात एकच नाव यायचं."

त्याच संध्याकाळी पूल दोन्ही बाजूंनी बंद झाला. मुलं पुढच्या भुयारी मार्गाने वळसा घालून शाळेत जाऊ लागली. सरपंचबाईंनी तिन्ही कार्यालयांना एकच पत्र धाडलं: अमुक दिवशी, अमुक वेळी, सगळ्यांनी पुलावरच भेटायचं.

साहेब मंडळी आली. तात्यांनी त्या लवणाऱ्या पायरीवर हातोडा घातला. टोक पत्र्यातून आरपार गेलं. गंजाचा तांबडा चुरा खाली झरझर गळला, आणि त्याच क्षणी खालून मुलांनी भरलेली एक सहलीची बस निघून गेली. सगळ्यांनी ती पाहिली. त्यानंतर 'हे आमच्याकडे नाही' असं कुणाच्या तोंडून निघालं नाही.

तिथेच बसून कागद झाला. देखभाल कोणत्या कार्यालयाची, त्यातल्या कोणत्या अभियंत्याची, पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी कोण करणार, खर्च कोणत्या लेखाशीर्षातून, सारं लिहून सह्या झाल्या. भोकं साफ ठेवणं आणि रोपं उपटणं गावाने पत्करलं. तेही मोघम नाही, वॉर्डवार, नावानिशी. दुरुस्ती होऊन तपासणी झाल्यावरच पूल उघडला, आणि जबाबदार अभियंत्याचं पद नि फोन नंबर पायथ्याशी ठळक अक्षरांत लागला.

तात्पर्य: जे सगळ्यांचं म्हणून सोडलं जातं, त्याला वाली राहत नाही. लोकांच्या डोक्यावर काहीही उभारण्याआधी ते जन्मभर सांभाळणारा एक जण ठरवावा, आणि त्याचं नाव सगळ्यांना वाचता येईल असं लिहावं.