मालकी एकट्याची, जागा सगळ्यांची

एकत्र कुटुंबाच्या जुन्या हिंदू कायद्यात मृत्युपत्राला फारशी जागाच नव्हती. घर, जमीन, दुकान सगळं कुटुंबाचं. एक जण गेला की त्याचा हिस्सा उरलेल्यांत मुरायचा. मुंबई इलाख्यातून गेलेल्या एका खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने 1880 साली तेच सांगितलं: अविभक्त हिश्श्याची विल्हेवाट मृत्युपत्राने लावता येत नाही. स्वकष्टार्जिताची गोष्ट मात्र वेगळी होती, आणि नोकरी-व्यापाराच्या मुंबईत तेच वाढत होतं. इथल्या हिंदूंच्या मृत्युपत्राला लेखी मजकूर नि दोन साक्षीदारांची शिस्त 1870 च्याच कायद्याने लावली होती. पुढे 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने एकत्र कुटुंबातला हिस्साही मृत्युपत्राने देण्याची मुभा दिली.

गिरगाव-परळची भाड्याची खोली सोडून बोरिवली-मुलुंडला सोसायटीत जागा घेतलेल्या पिढीच्या हाती मृत्युपत्राची मुभा पहिल्यांदा खऱ्या अर्थाने आली. भाड्याच्या खोलीबाबत ती नव्हतीच; राहत्या जागेचा भाडेहक्क मृत्युपत्राने देता येत नाही, असं सुप्रीम कोर्टाने 1994 साली मुंबईच्याच एका प्रकरणात स्पष्ट केलं. फ्लॅट मात्र स्वतःच्या हप्त्यांचा. माझी जागा, मी म्हणेन त्याला देईन!

पण सोसायटीत नॉमिनेशनचा फॉर्म तीन प्रतींत भरला की बरेच जण निर्धास्त होतात. नॉमिनी म्हणजे मालक, हा समज पक्का. ‘कालनिर्णय’कार जयंत साळगावकर 2013 साली गेले. त्यांचं 2011 चं मृत्युपत्र होतं, म्युच्युअल फंडांना नॉमिनीही होते. वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि 14 डिसेंबर 2023 ला निकाल लागला: नॉमिनेशनमुळे वारसाहक्क डावलला जात नाही. फ्लॅटबाबत महाराष्ट्राच्या सहकार कायद्यात 2019 साली आलेली तरतूदही त्याच वाटेने जाते. खरा हक्कदार येईपर्यंत नॉमिनी तात्पुरता सभासद. शेअर सर्टिफिकेटच्या मागच्या रकान्यात कायमचं नाव चढायचं, तर मृत्युपत्र, वारस दाखला किंवा कुटुंबातला लेखी समझोता हवा.

म्हणजे शेवटचा शब्द मृत्युपत्राचा? तिथेही कुंपण आहे. करारात बायकोचंही नाव असेल, तर नवऱ्याला फक्त आपला हिस्सा देता येतो. गावच्या सातबाऱ्यावर भावांची नावं असतील, तर तिथेही तेच. मुंबईतल्या मृत्युपत्रांना असलेली प्रोबेटची, म्हणजे कोर्टाकडून मृत्युपत्र सिद्ध करून घेण्याची सक्ती संसदेने डिसेंबर 2025 मध्ये काढून टाकली. कागदाची वाट सोपी झाली, पण ज्याला भांडायचंय त्याला कोर्टाचं दार उघडंच आहे.

भांडणाचं बी पुष्कळदा ‘तिन्ही मुलांना समसमान’ या सज्जन वाक्यातच असतं. साडेचारशे चौरस फुटांचे तीन वाटे कागदावर होतात, भिंतींत होत नाहीत. राहणार कोण, इतरांना पैसे कोण आणि कधी देणार, आई हयात असेपर्यंत जागा विकायची नाही का, हे लिहिलेलं नसतं. कारण त्यासाठी आधी सगळ्यांना एकत्र बसवून विचारावं लागतं. कायद्याने दीडशे वर्षांत माणसाला कुटुंबातून सोडवून मालक केलं. पण चांगलं मृत्युपत्र करायचं, तर त्या मालकाला पुन्हा कुटुंबातच येऊन बसावं लागतं, आणि तेही आपण बोलू शकतो तोवरच.