उत्तर ठाऊक असलेला प्रश्न

म्हैसुरात विद्यार्थ्यांसाठी प्रश्नमंजूषा योजावयाची, तर तिच्या मसुद्यात कौटिल्याच्या अर्थशास्त्राची पोथी कोणी उजेडात आणली, हा प्रश्न येणे साहजिक आहे. बझर वाजतो, ‘आर. शामशास्त्री’ असे उत्तर येते, गुणफलकावर दहा गुण चढतात आणि निवेदक पुढच्या प्रश्नाकडे वळतो. परंतु १९०५ साली येथील प्राच्य ग्रंथालयात तंजावरकडच्या एका पंडिताकडून ग्रंथलिपीतील ताडपत्रांची ती चळत आली, तेव्हा ग्रंथपाल शामशास्त्र्यांपुढे जो प्रश्न उभा राहिला, त्याचे उत्तर कोणाच्याच हातातील चिठ्ठीवर लिहिलेले नव्हते. शतकानुशतके अन्य ग्रंथांतील उल्लेखांवरूनच ज्ञात असलेली कृती ती हीच, असा निर्णय त्यांना स्वतःच्या विद्वत्तेच्या जोरावर करावा लागला, आणि १९०९ मध्ये त्यांनी ती संहिता छापून विद्वानांपुढे ठेवली.

ज्याचे उत्तर विचारणाऱ्याच्या खिशात आहे, त्या प्रश्नाला जिज्ञासा म्हणावे काय? गौतमाच्या न्यायसूत्रांत संवादाचे तीन प्रकार सांगितले आहेत: तत्त्वनिर्णयासाठी वाद, जयासाठी जल्प आणि स्वपक्ष न मांडता केवळ खंडन करणारी वितंडा. स्पर्धा ही जातीने जल्पाच्या जवळची, हे मान्य केलेच पाहिजे. मात्र गौतमाने जल्पालाही त्याज्य ठरविलेले नाही. कोवळ्या अंकुरांभोवती काटेरी कुंपण घालावे, तसा तत्त्वरक्षणासाठी त्याचा उपयोग आहे, असे तो म्हणतो. म्हणून स्पर्धेच्या चुरशीला नाके मुरडणाऱ्यांशी मी सहमत नाही. कुंपणाच्या आत अंकुर आहे की नाही, एवढीच माझी पृच्छा आहे.

ह्याच शास्त्राने पराजयाची जी बावीस निग्रहस्थाने गणली, त्यांत उत्तर न सुचणे, म्हणजे अप्रतिभा, हेही एक आहे. छांदोग्य उपनिषदातील श्वेतकेतूची कथा मात्र नेमकी तेथूनच सुरू होते. पांचालांच्या सभेत राजा प्रवाहण जैवलीने त्याला पाच प्रश्न विचारले. जीव येथून कोठे जातात, परत कसे येतात, परलोक भरून का जात नाही, अशांपैकी एकाचेही उत्तर त्याला देता आले नाही, आणि तो संतापून बापाकडे आला. बाप तितकाच अनभिज्ञ निघाला. पण तो राजाकडे गेला, राजाने देऊ केलेले धन त्याने नाकारले आणि माझ्या मुलाला जे विचारलेस तेच मला सांग, असे मागणे मागितले. ब्राह्मणांना तोवर अज्ञात असलेली पंचाग्निविद्या त्या मागण्यामुळे त्याला मिळाली. पारितोषिक समोर असताना प्रश्नच मागून घेणारा हा स्पर्धक मला सर्व विजेत्यांहून थोर वाटतो.

तेव्हा संयोजकांनी ‘पास’ म्हणणाऱ्या मुलाचा प्रश्न निकालाबरोबर दप्तरदाखल करू नये. उत्तराचा आधार कोणत्या ग्रंथात आहे हे त्याला दाखवावे, आणि मुलाने उत्तराविषयी तक्रार केली, तर ती वेळेची सबब न सांगता ऐकून घ्यावी. म्हैसूरसारख्या हस्तलिखितांच्या नगरीत आणखी एक फेरी सहज योजता येईल: एखाद्या ताडपत्राचे छायाचित्र पडद्यावर लावून, संयोजकांनाही ज्याचा उलगडा झालेला नाही असा मजकूर मुलांपुढे ठेवावा, आणि त्या फेरीला गुण ठेवू नयेत.