खुलभर दूध आणि पाच युरो

लग्नाला दोन वर्षं झाल्यावर, २०२५च्या मे महिन्यात, आम्ही दोघं १७ दिवस युरोपात फिरून आलो. ॲमस्टरडॅम, प्राग, व्हिएन्ना, व्हेनिस, बार्सेलोना. काय पाहिलं, कुठे खाल्लं, व्हिसाला कोणती कागदपत्रं लागली हे सांगणारे भरपूर लोक आहेत, त्यात माझी भर नको. या प्रवासात आमचं एकच खरं भांडण झालं. व्हेनिसमध्ये, एका लहानशा पुलाच्या पायरीवर, दुपारी दीडच्या सुमारास. ते अजून मिटलेलं नाही. बायकोचं म्हणणं माझ्यापेक्षा जास्त बरोबर होतं असं मला आता वाटतं. पूर्ण बरोबर होतं असं मात्र अजूनही वाटत नाही. म्हणून लिहून पाहतो.

व्हेनिसला आमच्याकडे एकच दिवस होता, शनिवार. व्हिएन्नाहून रात्रीच्या गाडीने निघून सकाळी सांता लुचिया स्टेशनात उतरायचं, सामान तिथेच ठेवायचं, दिवसभर पायी भटकायचं आणि रात्रीच्या विमानाने बार्सेलोना गाठायचं. एका रात्रीचं हॉटेल वाचवल्याबद्दल मी स्वतःवर खूश होतो. नेमक्या अशाच, मुक्काम न करणाऱ्या लोकांसाठी व्हेनिसने २०२४पासून प्रवेशशुल्क सुरू केलं आहे. गर्दीच्या ठरावीक दिवशी सकाळी साडेआठ ते दुपारी चार या वेळात शहरात शिरायचं तर माणशी ५ युरो. २०२५पासून ऐनवेळी भरलं तर १०. मी पुण्यातूनच भरले होते. स्टेशनाबाहेर एका मुलीने फोनवरचा क्यूआर कोड स्कॅन केला, हसली, झालं. दोघांचे मिळून हजारभर रुपये. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला फार बरं वाटलं. आपण हिशेब चुकता करून आत आलोय, असं.

दुपारी कान्नारेजो भागातल्या एका पुलावर आम्ही खाकरे आणि शेंगदाण्याची चटणी काढून बसलो. (व्हेनिसमध्ये असं पुलावर बसून खायला बंदी आहे, हे मला नंतर कळलं.) एक म्हातारे गृहस्थ बाजाराची दोन चाकांची पिशवी एकेक पायरी वर ओढत आले आणि आमच्यापाशी थांबले. रागावले नाहीत, काही बोललेही नाहीत. फक्त थांबले, जसं माणूस रोज लागणाऱ्या सिग्नलला थांबतो. आम्ही गडबडीने डबा उचलला. ते पूल उतरले आणि पलीकडच्या पहिल्याच दारात शिरले. म्हणजे आम्ही त्यांच्या घरासमोर पंगत मांडली होती.

बायको म्हणाली, "आपल्या सोसायटीच्या जिन्यात अनोळखी जोडपं डबा खात बसलं, तर तू काय करशील?"

मी म्हणालो, "सोसायटीने माणशी पाचशे रुपये घेऊन त्यांना आत सोडलं असेल, तर काही नाही करणार."

"सोसायटीला मिळाले रे. ज्याचं दार जिन्याला लागून आहे त्याला काय मिळालं?"

उत्तर मला लगेच सुचलं नाही, आणि उत्तर सुचलं नाही की मी चिडतो. मग मी माझ्या धंद्यातलं बोललो. एका रिक्वेस्टने सर्व्हर पडत नाही. लाखो रिक्वेस्ट आल्या की पडतो, पण नंतर लॉग काढून बघितला तर दोषी म्हणून एकाही ओळीवर बोट ठेवता येत नाही. प्रत्येक रिक्वेस्ट रीतसर असते. मग चूक त्या बिचाऱ्या रिक्वेस्टची, की ज्याने मर्यादा घातली नाही त्याची? व्हेनिसच्या महापालिकेने रोज अमुक इतकेच लोक येतील असं ठरवावं. आपण ते पाळू.

"आणि ठरवेपर्यंत?" तिने विचारलं. यावर आम्ही अर्धा तास न बोलता चाललो.

त्या अर्ध्या तासात मला हैफाची पाळणाघरं आठवली. उरी ग्नीझी आणि आल्दो रुस्तिकिनी या दोन अर्थशास्त्रज्ञांनी इस्रायलमधल्या हैफात केलेला हा प्रयोग २०००मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या आईबापांना काही पाळणाघरांनी दंड लावला, तर उशीर करणारे वाढले. आधी ताटकळलेल्या बाईंकडे बघून ओशाळायला होत असे; आता जास्तीच्या वेळेचा दर ठरला होता, तो भरला की संपलं. पुढे दंड काढून टाकला तरी उशीर काही कमी झाला नाही. ओशाळलेपण एकदा गेलं ते गेलंच. माझ्या क्यूआर कोडने माझं हेच केलं होतं. पाच युरो भरले नसते, तर मी त्या पायरीवर बहुधा जरा बिचकून बसलो असतो, कोणाची वाट अडते आहे का ते बघितलं असतं. पैसे भरल्यामुळे ती पायरी मला आमचीच वाटली.

रिआल्तोजवळच्या सान बार्तोलोमेओ चौकात एका औषधाच्या दुकानाच्या काचेत एक आकडा लावलेला असतो: जुन्या व्हेनिसमध्ये आज किती माणसं राहतात. १९५०च्या आसपास ती पावणेदोन लाख होती. २०२२मध्ये आकडा ५०,०००च्या खाली गेला. आम्ही त्या काचेसमोर उभे होतो तेव्हा मागून येणारी गर्दी आम्हाला पुढे ढकलत होती, आणि त्या गर्दीतलं जवळजवळ कोणीच त्या आकड्यात धरलेलं नव्हतं.

तिथे बायकोने अबोला सोडला. म्हणाली, "खुलभर दुधाची कहाणी." श्रावणी सोमवारी तिची आजी वाचायची, माझीही वाचायची. राजाला महादेवाचा गाभारा दुधाने भरायचा असतो. दवंडी पिटली जाते, धाकाने सगळा गाव घरातलं सगळं दूध आणून ओततो. पोरांना ठेवत नाही, वासरांना ठेवत नाही. गाभारा भरत नाही. दुपारी एक म्हातारी येते. तिने घरातल्या सगळ्यांना जेवू घातलेलं असतं, गाईवासरांना चारा दिलेला असतो, आणि मग उरलेलं खुलभर दूध ती आणते. गाभारा भरतो.

लहानपणी मला ही म्हातारीच्या भक्तीची गोष्ट वाटायची. त्या काचेसमोर ती मला गावाची गोष्ट वाटली. व्हेनिसने घरातलं सगळं दूध गाभाऱ्यात ओतलंय. वाण्याच्या दुकानाच्या जागी मुखवट्यांचं दुकान, भाड्याच्या घराच्या जागी पाहुण्यांच्या खोल्या. आणि आपण रांगेत उभे आहोत, आपल्याला अजून हवंय.

पण इथे माझी एक अढी आहे आणि ती मी सोडणार नाही. ज्यांनी दोन-तीनशे वर्षं सगळं जग बघून घेतलं, बघता बघता बरंचसं बरोबरही नेलं, त्यांच्याकडे जायची आमची पाळी आत्ता आली. माझे आईवडील महाबळेश्वरच्या पुढे गेले नाहीत. मी सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट जोडून, ९० युरो व्हिसाची फी भरून, बोटांचे ठसे देऊन तिथे पोचलो, आणि तेव्हाच नेमकं प्रवास करणं हे पाप ठरावं? पंगत उठायच्या वेळी आलेल्याला मिताहाराचं महत्त्व सांगण्यासारखं आहे हे. बायकोला हे पटतं. ती फक्त म्हणते की त्या पिशवीवाल्या आजोबांनी तुझ्या देशातून काही नेलं नव्हतं. तेही खरं आहे.

शिवाय पाहुणा म्हणजे नुसता उपद्रवच असतो असंही नाही. माझ्या मामाचं घर मालवणजवळ आहे. त्याने मागच्या तीन खोल्या पर्यटकांना द्यायला सुरुवात केली, तेव्हापासून मे महिन्यात आम्हा भाचरांना ओटीवर झोपावं लागतं. मामी कटकट करते, पण मुलीच्या कॉलेजची फी त्या खोल्यांतून निघते. तिथे मला काही खटकत नाही. का, याचा विचार केला तेव्हा एवढंच सापडलं की खोल्या मामाच्या आहेत, तो त्याच घरात राहतो, आणि त्याला पुढच्या वर्षी नको वाटलं तर तो बंद करू शकतो. दूध त्याचं, किती ओतायचं हेही तोच ठरवतो.

बार्सेलोनात आमचं राहणं ग्रासिया भागात, एका जुन्या इमारतीत चौथ्या मजल्यावर होतं. लिफ्ट नव्हती. फ्लॅटचा लायसन्स नंबर मी बुकिंगच्या आधी तपासला होता, सगळं कायदेशीर. त्या शहराने मात्र पर्यटकांना दिल्या जाणाऱ्या अशा सर्व, म्हणजे दहा हजारांहून जास्त, फ्लॅटची लायसन्स नोव्हेंबर २०२८पर्यंत संपवायचं जाहीर केलंय, कारण राहणाऱ्यांना घरं परवडेनाशी झालीत. त्याच्या पुढच्याच महिन्यात, जुलै २०२४मध्ये, तिथल्या मोर्चातल्या काही लोकांनी हॉटेलांबाहेर जेवत बसलेल्या पर्यटकांवर पाण्याच्या पिचकाऱ्या मारल्या होत्या. आमच्यावर कोणी काही मारलं नाही. समोरच्या दारातल्या बाई जिन्यात भेटल्या की "बॉन दिया" म्हणायच्या आणि आम्ही दार उघडून आत जाईपर्यंत बघत राहायच्या. त्या दारामागे आधी कोण राहत होतं, हे त्यांना माहीत असणार. आम्ही विचारलं नाही. भाषेचा प्रश्न होता म्हणून, आणि उत्तर नको होतं म्हणूनही.

परतीचं विमान सकाळचं होतं. पहाटे पावणेपाचला आम्ही दोन मोठ्या बॅगा उचलून चार मजले उतरलो, पायऱ्यांवर चाक टेकू न देता. खाली रस्त्यावर मी बॅग टेकवली आणि फरशीवर चाकांचा खडखडाट सुरू झाला. बायकोने मागे वळून बघितलं. तिची बॅग अजून हातातच होती. मीही परत उचलली. गल्ली लांब होती, खांदा भरून आला, मनात मी तिला दोन-चार शब्द ऐकवलेही. कोपऱ्यावर पोचलो तर महापालिकेची रस्ता धुणारी गाडी ढणाणा आवाज करत उभी होती आणि एक माणूस पाइपने फरशीवर फवारा मारत होता. आम्ही दोघंही हसलो. तरी तिने बॅग खाली ठेवली ती मोठ्या रस्त्यावर गेल्यावरच.