पाहण्याचा अधिकार

श्रीलंकेंतील मिन्नेरियास जीपमधून रानहत्ती पाहावयास जाण्याची आमची सिद्धता चालू आहे. दुर्बीण, मळखाऊ कपडे, पाणी, हें सारें सोपें; पण पाहण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिला? तेथील तलाव महासेन राजानें सुमारें १७०० वर्षांपूर्वीं भातशेतीसाठीं बांधविला. कोरड्या ऋतूंत पाणी ओसरून तळावर गवत उगवतें आणि जुलै ते सप्टेंबरांत हत्तींचे कळप तेथें जमतात. म्हणजे हें ‘रान’हि मनुष्याचें ऋणी, पण तें ऋण महासेनाचें, आमचें नव्हे! तिकिटानें प्रवेश मिळतो. पिल्लास मध्यें घेऊन उभ्या राहिलेल्या हत्तिणीची संमति मिळत नाहीं. जीपांनीं कळप वेढला, कीं पाहणें संपून पाठलाग सुरू होतो. म्हणून चालकास आम्ही आधींच कळविलें आहे, कीं हत्तिणीनें कान पसरून मान उचलली, तर गाडी मागें घ्यावी. चित्रबलाकांसाठीं दुर्बीण पुरेशी आहे.