तशरीफ

'तशरीफ रखिए' म्हणताना आपल्याला 'बसा' एवढेच म्हणायचे असते. (टवाळ पोरांनी या शब्दाचे काय केले, ते सोडा.) मूळ अरबीत मात्र तशरीफ म्हणजे शरफ बहाल करणे, एखाद्याला थोर करणे. पाहुणा येतो आणि यजमानाचे घर थोर होते. थोरवी येथे रक्तातून येत नाही, दुसऱ्याकडून मिळते.

त्याच धातूपासून 'अशराफ' झाला आणि सगळे उलटले. बाहेरून आलेल्यांचे व उच्चवर्णीय धर्मांतरितांचे वंशज ते अशराफ. विणकर, पिंजारी वगैरे अजलाफ. काही ठिकाणी त्याहून खाली अरजल. १९०१ च्या जनगणनेत बंगालपुरती ही उतरंड नोंदली गेली आणि डॉ. आंबेडकरांनी पाकिस्तानवरील आपल्या ग्रंथात तिचा दाखला दिला.

आता गंमत पाहा. इस्लाम स्वीकारणाऱ्याला उर्दूत 'मुशर्रफ-ब-इस्लाम' म्हणतात, म्हणजे इस्लामने ज्याला शरफ दिले तो. मग ज्या विणकराच्या पूर्वजाला धर्माने शरीफ केले, त्याला कमअस्सल ठरवण्याचा अधिकार समाजाला कोणी दिला? कुरआनात मोठेपणाची कसोटी तकवा आहे, वंशावळ नव्हे. हे आपण मिंबरवरून पुष्कळदा ऐकतो. सोयरीक जुळवायला बसलो, की पहिला प्रश्न मात्र असतो : बिरादरी कोणती?